पेस्टलवर फिक्सेटिव्ह मारलं आणि चेहरा काळवंडला

परवा मी स्वतःच्या हाताने एक चित्र घालवलं. सॉफ्ट पेस्टलमधलं एक डोकं, ब्रिटिश चित्रकार एव्हलिन डी मॉर्गनच्या चित्रांवरून सराव म्हणून काढलेलं, चांगलं जमलं होतं, मग रंग झडू नये म्हणून वरून फिक्सेटिव्हचा स्प्रे मारला, तोही जरा सढळ हाताने. दोन मिनिटांत नाकाच्या शेंड्यावरचा उजेड गेला, कपाळ मळकट दिसायला लागलं. रंग तर एक कणही कमी झाला नव्हता! मग उजेड गेला कुठे?

आधी एक गोंधळ मिटवू. पेस्टल म्हटलं की आपल्याला शाळेतली ती मेणचट ऑइल पेस्टलची पेटी आठवते, ती वेगळी, ती जपानमध्ये १९२५ च्या सुमारास आली. सॉफ्ट पेस्टल खूप जुनं. रंगाची पूड, त्यात चॉक, आणि कांडी उभी राहील इतपतच डिंक. कागदावर घासलं की कागदाच्या खरखरीत पृष्ठभागात पूड नुसती अडकून बसते, चिकटत वगैरे नाही.

एव्हलिन (१८५५ ते १९१९) लंडनची, स्लेड स्कूलमध्ये शिकलेली. ग्रीक पुराणातल्या बायका हा तिचा आवडता विषय, मेडिया (१८८९), कसांड्रा आणि हेलन (दोन्ही १८९८). मोठं तैलचित्र करायच्या आधी ती डोकी, हात, कपड्यांच्या चुण्या वेगळ्या काढून बघायची, त्यातले कितीतरी अभ्यास पेस्टलमधले. आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी गंमत म्हणजे तर्कशास्त्रातले डी मॉर्गनचे नियम ज्याचे, तो ऑगस्टस डी मॉर्गन तिचा सासरा (ती सून व्हायच्या आधीच वारलेला), आणि जन्म मदुराईचा!

आता मुद्द्यावर. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना सीमेवर थोडा परत फिरतो. किती, ते दोघांच्या अपवर्तनांकात (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचा आकडा) फरक किती यावर ठरतं: फरक भागिले बेरीज, आणि त्याचा वर्ग. हवेचा १, चॉकचा सुमारे १.६, म्हणजे ०.६ भागिले २.६, वर्ग केला की ५ टक्क्यांच्या आसपास. ५ टक्के कमी वाटतात, पण पेस्टलच्या थरात अशा सीमा असंख्य असतात, कण-हवा-कण-हवा, त्यामुळे प्रकाश आत भटकत भटकत बराचसा बाहेर येतो, तोही सगळ्या दिशांना. म्हणून पेस्टलला चकाकी नसते, मखमली उजेड असतो. तोच चॉक जवसाच्या तेलात (१.४८) कालवा, तेच गणित करा, येतात फक्त ०.१५ टक्के! सीमा जणू पुसल्याच गेल्या, प्रकाश आरपार जातो आणि पांढराशुभ्र चॉक तेलात अर्धपारदर्शक, पिवळट लगदा होऊन बसतो. तैलरंगात पांढऱ्यासाठी चॉक न वापरता शिशाचा सफेदा वापरायचे ते याचसाठी, त्याचा अंक २ च्या आसपास.

हे दिवाळीत सगळ्यांनी पाहिलंय. रांगोळीवर पावसाचे चार थेंब पडले की तेवढे ठिपके गडद होतात, वाळले की पुन्हा पांढरे. पाणी उडून जातं, हवा परत येते. फिक्सेटिव्हमधली राळ मात्र उडत नाही, तिचा अंक साधारण १.५, ती फटींत कायमची बसते. माझ्या चित्रातली हवा मीच घालवली होती.

एव्हलिन आणि तिचा नवरा विल्यम प्लँचेट छापाचं लेखन करायचे, आत्मे आपला हात चालवतात म्हणून. १९०९ मध्ये तो मजकूर त्यांनी स्वतःचं नाव न घालता छापलासुद्धा. सासूबाईही त्याच पंथातल्या. असो, पण तिच्या पेस्टलमधल्या चेहऱ्यांवरच्या तेजात कुणाला आत्मिक वगैरे काही दिसत असेल तर ते चॉक आणि हवेचं आहे, बाईंना त्याचं श्रेय द्या, आत्म्यांना नको. आणि फिक्सेटिव्ह नाही म्हणून हेअरस्प्रे मारा सांगणारे व्हिडिओ बघू नका, फटी त्यानेही भरतात, वर काही वर्षांनी तो पिवळा पडू शकतो.

मग जपायचं कसं? काचेखाली, आणि काच चित्राला टेकू न देता, मध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट ठेवून. काचच बरं का, ॲक्रिलिक नको. ते पुसलं की स्थिर विद्युत तयार होते आणि सुटी पूड कागदावरून उडून वर चिकटते. फुग्याला केस चिकटतात ना, अगदी तसंच, फक्त इथे केसांच्या जागी हेलनचा गाल असतो.