पार्श्वभूमी : मालकी आमची, मग पात्रांव कोण?

गोव्यात वेर्णा, कुंडई किंवा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांत हजेरीच्या मशीनशेजारी कंपनीच्या मूल्यांचा फलक टांगलेला असतो. हल्ली त्याच्या जोडीला आणखी एक प्रकार दिसतो. शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना गोल उभे करतात आणि कुणीतरी आपल्याच खात्यात घडलेला एखादा प्रसंग पाच मिनिटांत सांगतो. सल्लागार मंडळी याला ‘स्टोरीटेलिंग’ म्हणतात आणि त्याचे बिलही लावतात.

अशा कार्यशाळेत कुणी ना कुणी कीर्तनाचा दाखला देतोच. पूर्वरंगात तत्त्व मांडायचे, उत्तररंगात त्याच तत्त्वाचे आख्यान लावायचे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. मात्र कीर्तन ऐकून घरी जाणाऱ्याची पगारवाढ बुवांच्या हातात नसते. त्यामुळे म्हार्दोळच्या देवळातल्या सभामंडपापासून वेर्ण्याच्या कँटीनपर्यंत सरळ रेघ ओढायला माझे मन धजत नाही.

कारखान्यातल्या गोष्टीचा अलीकडचा उगम अमेरिकेतला आहे. तिथे १९८२ साली कंपन्यांच्या संस्कृतीवरची दोन पुस्तके एकापाठोपाठ गाजली आणि कंपनीचे नायक, विधी, किस्से हे व्यवस्थापनाचे विषय झाले. पुढच्याच वर्षी एक शोधनिबंध आला. प्रत्येक कंपनी आपले किस्से जगावेगळे मानते, पण सगळीकडे त्याच सात जातीचे किस्से सापडतात, असे त्यात दाखवले होते. वरिष्ठानेच नियम मोडला तर काय होते? मला काढून टाकतील का? चूक झाली तर साहेब कसा वागतो? हा शेवटचा प्रश्न ध्यानात ठेवा. फलकांची पत काय असते तेही पुढे दिसले. आदर आणि सचोटी ही आपली मूल्ये म्हणून मिरवणारी एक बडी ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१मध्ये हिशेबाच्या घोटाळ्यात बुडाली.

गोव्यात हा विषय मूल्यांच्या वाटेने आलाच नाही, तो आला सुरक्षेच्या वाटेने. सांकवाळचा खत कारखाना १९७३पासून चालू होता आणि अमोनियाचा वास आला की काय करायचे हे तिथल्या आसपासच्या लोकांना ठाऊक होते. पण डिसेंबर १९८४मध्ये भोपाळ घडले आणि धोका या शब्दाचा अर्थच पालटला. १९८७मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना देणे बंधनकारक झाले, कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान सदस्यांची सुरक्षा समिती आली. फोंडा तालुक्यात केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६चा प्रकल्प येऊ घातला तेव्हा त्याच्या परदेशी भागीदाराची सुरक्षेबाबत जगभर ख्याती होती. गावकऱ्यांना ती सांगूनही झाली. पण भोपाळची गोष्ट त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. आंदोलन पेटले, जानेवारी १९९५मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला आणि प्रकल्प शेवटी तमिळनाडूत गेला. कंपनीचे तत्त्व आणि लोकांची गोष्ट समोरासमोर आल्याचे याहून ठळक उदाहरण गोव्यात मला तरी माहीत नाही.

खरा गुंता मात्र भाषेचा आणि त्यातही एकदोन शब्दांचा आहे. १९४८च्या कारखाने कायद्याचे कलम १०८ सांगायचे की, सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य दरवाजाजवळ ठळक लावा. गोव्यात ती भाषा कुठली? फेब्रुवारी १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची मुभा राहिली. तो वाद इथे उकरायचा नाही. कारखान्यापुरते बोलायचे तर १९६१नंतर गावोगावच्या सरकारी मराठी शाळांत शिकलेली पिढी तेव्हा मशीनवर उभी होती. ती बोलायची कोकणीत, वाचायची मराठीत आणि रजेचा अर्ज इंग्रजीत कुणाकडून तरी लिहून घ्यायची. कोकणी फलक लावला की राजभाषेचा मान राहायचा, मराठी लावला की वाचला जायचा. नव्वदच्या दशकात मी ज्या कारखान्यात प्रशिक्षण बघायचो, तिथे या प्रश्नावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी फक्त इंग्रजी फलक लागला. मला तो पळपुटेपणा वाटला होता, अजूनही वाटतो.

दोन वर्षांनी मराठी फलक आला तो वेगळाच. ‘इंटिग्रिटी’चे, म्हणजे सचोटीचे, भाषांतर कुणीतरी शब्दकोशातून ‘एकात्मता’ असे केले होते. लोकांना ती राष्ट्रीय एकात्मता वाटली. २६ जानेवारीनंतर फलक उतरवायचा राहून गेला असेल, असा त्यांचा समज झाला. ‘ओनरशिप’च्या, म्हणजे काम आपले मानून जबाबदारी घेण्याच्या, जागी ‘मालकी’ होती. पॅकिंगमधल्या एका बाईने सरळ विचारले, “मालकी आमची, मगीर पात्रांव (म्हणजे मालक) कोण?” उत्तर कुणाकडेच नव्हते. ‘मूल्य’ या शब्दाचेही तेच. मराठीत तो नीतीचाही आहे आणि बाजारभावाचाही. कोकणीत रोज कानावर पडते ते मोल, म्हणजे किंमत. ‘आमची मूल्ये’ या मथळ्याखाली लोक आकडे शोधायचे.

गोष्ट कामाला आली ती इथे, कारण तिचे भाषांतर करावे लागत नाही. आमच्याकडची पहिली गोष्ट कुणी ठरवून रचलेली नव्हती. औषधाच्या कच्च्या मालाचे वजन लिहिताना एका ऑपरेटरने २५.४ किलोच्या जागी २४.५ लिहिले. औषध कारखान्यात चुकलेला आकडा गिरवायचा नसतो, व्हाइटनर तर नाहीच. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. पण चूक त्याच्या लक्षात आली ती दुसऱ्या दिवशी, बॅच पुढे गेल्यावर. गप्प राहिला असता तर खपून गेले असते. तो आपणहून सुपरवायझरकडे गेला. सुपरवायझर आधी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडला. बॅच दोन दिवस अडली. काट्याच्या चिठ्ठीवर २५.४ निघाले, माल बरोबर होता. प्लांट मॅनेजरने मेमो दिला नाही. सोमवारच्या शिफ्टला त्यालाच उभे केले आणि जे झाले ते कोकणीत सांगायला लावले. ओरडणारा सुपरवायझर शेजारीच उभा होता, मान खाली घालून. त्यानंतर रेघ मारलेले आकडे नोंदवहीत वाढले. क्वालिटीवाले घाबरले, त्यांना वाटले चुका वाढल्या.

खाणपट्ट्यात ही पद्धत उलटी पडली. ‘आपण एक कुटुंब’ ही तिथली आवडती कथा होती. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, थोड्या परत चालू झाल्या आणि ८८ लिजे (खाणींचे भाडेपट्टे) रद्द झाल्यावर मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या. निर्णय सरकारचा आणि न्यायालयाचा होता, कंपन्यांच्या हातात फारसे काही नव्हते, हे मान्य. पण डिचोलीत एका प्रशिक्षणात मी ‘कुटुंब’ हा शब्द उच्चारला तेव्हा मागच्या बाकावरून हसू आले, आणि मी पुढची स्लाइड लावली.

२०१३च्या कायद्याने कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध जागृतीच्या कार्यशाळा सक्तीच्या केल्या. तिथेही प्रसंग सांगून चर्चा होते, पण नावे, खाते, शिफ्ट सगळे बदलून. तिथे ते योग्यच आहे. तीच सवय मग अपघात आणि चुकांच्या गोष्टींनाही लागली. ‘एका कंपनीतील एक कर्मचारी’ अशी सुरुवात ऐकली की गोलातले लोक घड्याळ बघू लागतात.

वजनाची ती गोष्ट आता नव्या भरतीला व्हिडिओवर दाखवतात, हिंदीत, कारण निम्मी मुले राज्याबाहेरची आहेत. चार मिनिटांचा व्हिडिओ आहे, रेघ कशी मारायची ते जवळून दिसते. सुपरवायझर आधी ओरडला होता, तेवढा भाग त्यात नाही.