चोपण रान आणि शेवटच्या कवचातला इलेक्ट्रॉन

आमच्या तात्यांचं खालचं रान मिरज तालुक्यात, कृष्णेच्या अंगाला आहे. त्यातला मधला तुकडा चोपण झाला आहे. ओली असली की तिथली माती लोण्यासारखी पायाला चिकटते, वाळली की फरशीसारखी वाजते. वळीव पडून गेला की शेजारच्या रानात दोन दिवसांत वाफसा येतो आणि या तुकड्यात पाणी वर तसंच उभं असतं. उन्हाळ्यात कडेनं पांढरी खपली धरते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत नदीकाठानं फिरणाऱ्याला असे तुकडे नवे नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. खपली नसलेल्या जागेची, अगदी मधली माती आणली. काचेचे तीन पेले घेतले, तिन्हींत साठवलेलं पावसाचं पाणी आणि एकेक चमचा माती घालून ढवळलं. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्यात चिमूटभर जिप्सम टाकलं, चोपण रान सुधारायला टाकतात ती खनिज भुकटी. तिसऱ्यात तात्यांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी फिरवली.

तुरटीच्या पेल्यात बघता बघता मातीचे पुंजके झाले आणि खाली बसायला लागले. जिप्समचा पेला निवळायला जास्त वेळ लागला, पण संध्याकाळपर्यंत वरचं पाणी नितळ झालं होतं. पहिला पेला दुसऱ्या दिवशी सकाळीही दुधाळ चहासारखाच होता. तात्या म्हणाले, "माती एकच, पाणी एकच. मग ह्यो का निवळंना?"

त्याचं उत्तर शाळेत भिंतीवर टांगलेल्या आवर्तसारणीत आहे. दहावीत आपण ती पाठ केली आणि पुढं विसरलो. मला ती खऱ्या अर्थानं समजली ती या पेल्यांमुळे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मातीच्या त्या पेल्यांत तीन मूलद्रव्यांचा खेळ चालला होता. चोपण मातीत सोडियम होतं, जिप्सममधून कॅल्शियम आलं, तुरटीतून ॲल्युमिनियम. अणूच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्य कोणतं ते ठरतं. सोडियममध्ये ११, ॲल्युमिनियममध्ये १३, कॅल्शियममध्ये २०. जितके प्रोटॉन, तितकेच इलेक्ट्रॉन भोवतीच्या कवचांत. केंद्रक किती लहान असतं याचा अंदाज यावा म्हणून तात्यांना सांगितलं: दहा एकरांच्या चौकोनी रानाच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवला आणि तो सोडियमचं केंद्रक मानला, तर शेवटचा इलेक्ट्रॉन जवळजवळ बांधाला लागून वावरतो. जवळपास सगळं वजन दाण्यात, आणि बाकीच्या सगळ्या रानात मिळून ११ इलेक्ट्रॉन. १९११ मध्ये अर्नेस्ट रदरफर्डनी हे केंद्रक शोधलं, तेव्हा अणू इतका मोकळा असतो हे त्यांनाही धक्कादायक होतं.

हे इलेक्ट्रॉन कुठंही बसत नाहीत. पहिल्या कवचात २ मावतात. त्यानंतरच्या कवचात ८. सोडियमच्या ११ ची वाटणी २, ८, १ अशी होते. ॲल्युमिनियमची २, ८, ३. कॅल्शियमची २, ८, ८, २. (कवच म्हणजे ग्रहाची ठरीव वाट नव्हे, इलेक्ट्रॉन कुठल्या ऊर्जेच्या पायरीवर आहे, ते सांगण्याची ही सोय आहे.) सारणीतला उभा स्तंभ, म्हणजे गण, शेवटच्या कवचातल्या या आकड्यावरून ठरतो. सोडियम पहिल्या गणात, कॅल्शियम दुसऱ्या, ॲल्युमिनियम तेराव्या (तीनात मधले दहा स्तंभ मिळवून).

कवचं खरंच असतात, याचा मला सगळ्यात पटलेला पुरावा ऊर्जेच्या हिशेबात आहे. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या नऊपटीहून जास्त दुसरा काढायला लागते. पहिला बाहेरच्या कवचात एकटा होता, सहज सुटला. दुसरा आतल्या भरलेल्या आठांपैकी आहे, तो हलत नाही. कॅल्शियमचं वेगळं: दुसऱ्याला पहिल्याच्या जेमतेम दुप्पट ऊर्जा पुरते, आणि तिसऱ्याला मात्र दुसऱ्याच्या चौपटीहून जास्त. म्हणजे सोडियम एक देऊन थांबतं, कॅल्शियम दोन देऊन, ॲल्युमिनियम तीन. इलेक्ट्रॉन ऋण असतो, तो गेला की मागं धन भार उरतो. मातीत आणि पाण्यात ही मूलद्रव्यं अशा भारित रूपात, आयन म्हणून असतात: सोडियमवर एक धन भार, कॅल्शियमवर दोन, ॲल्युमिनियमवर तीन.

तो एकटा इलेक्ट्रॉन स्वयंपाकघरात डोळ्यांना दिसतो. वरणाला मीठ घातल्यावर ते उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन उष्णतेनं वरच्या पायरीवर चढतो आणि खाली येताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश टाकतो. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवे याच प्रकाशाचे होते.

आता रानात येऊ. आपली काळी माती चिकणमातीच्या अतिशय पातळ पापुद्र्यांची असते. पापुद्र्यांच्या अंगावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. मध्ये धन भाराचे आयन असले तर ते पापुद्रे जवळ राहतात. या जागी कॅल्शियम असेल, तर त्याचे दोन भार पापुद्र्यांना घट्ट धरून ठेवतात. मग त्यांचे पुंजके होतात, पुंजक्यांमधून हवा खेळते, पाणी मुरतं, मुळी वाट काढते. शेतकरी ज्याला भुसभुशीत रान म्हणतो ते हे. तिथं सोडियम बसलं तर पकड सैल होते. गंमत अशी की सोडियम आणि कॅल्शियमच्या आयनांचा आकार जवळजवळ सारखा आहे, त्रिज्या १०२ आणि १०० पिकोमीटर. भार मात्र सोडियमवर एक, कॅल्शियमवर दोन. एकच भार असलेल्या सोडियमभोवती पाण्याचं आवरण राहतं, ते पापुद्र्याला सैलसर लागून असतं, आणि पाणी लागलं की पापुद्रे सुटे होऊन पसरतात. बारीक कण भोकं बुजवतात. वर खपली, खाली दगड. पहिला पेला निवळला नाही तो यामुळे. तात्यांच्या रानात जे होतं तेच त्या पेल्यात चाललं होतं.

भार वाढला की गाळ निवळण्याची ताकद किती वाढते, याचा नियम हान्स शुल्झ (१८८२) आणि विल्यम हार्डी (१९००) यांच्या नावानं ओळखला जातो. पुढच्या सिद्धांतानं त्याला आकडा दिला: सोडियमचे जिथं ७२९ आयन लागतील, तिथं कॅल्शियमचे सुमारे ११ आणि ॲल्युमिनियमचा एक पुरेल. मातीत हा हिशेब तंतोतंत बसत नाही. शिवाय तुरटीचं ॲल्युमिनियम पाण्यात हायड्रॉक्साइडचा कापसासारखा लगदा करतं आणि त्यात गाळ अडकतो, तेही खरं. पण दिशा अगदी तीच. पावसाळ्यात कृष्णेच्या गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवणाऱ्या आजीला तीन भारांचा आयन वापरायची रीत अनुभवानं सापडली होती.

मग चोपण रानात सोडियम येतं कुठून? आपली काळी माती बेसाल्ट खडकाची, त्यात कॅल्शियमही भरपूर. तरी सोडियम वरचढ का होतं? इथंही गणांचाच फरक आहे. उसाला पाटानं वारेमाप पाणी दिलं, निचरा नाही, की जमिनीखालची पाणीपातळी वर येते. उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार वर राहतात. या पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट असतंच. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, पाण्यात जवळपास विरघळतच नाही: लिटरमागं काही मिलिग्रॅम. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, लिटरमागं दोनशे ग्रॅमच्या वर विरघळतो. पाणी आटत गेलं की आधी कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन कामातून जातं. विरघळलेलं उरतं ते सोडियम, आणि तेच हळूहळू पापुद्र्यांवरची जागा घेतं. रानात खणताना जे पांढरे खडे लागतात, ते या हिशेबातलं गेलेलं कॅल्शियम आहे.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. लिटरभर पाण्यात ते साधारण दोन ग्रॅम विरघळतं. मिठाच्या मानानं फार कमी, चुनखडीच्या मानानं पुष्कळ, आणि आपल्या कामाला नेमकं पुरेसं. त्यातलं कॅल्शियम पापुद्र्यावरच्या सोडियमला हटवून बसतं, एका कॅल्शियमला दोन सोडियम सुटतात. सुटलेलं सोडियम सल्फेट पाण्यात विरघळून राहतं. ते रानाबाहेर गेलंच पाहिजे. निचऱ्याची सोय न करता नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, हे मी तात्यांना तीनदा सांगितलं. आणि दुसरी चूक याहून मोठी: क्षार साचलेल्या रानात आधी नुसतं गोडं पाणी सोडून ते धुणं. पाण्यात क्षार भरपूर असतात तोवर नुसत्या सोडियमच्या गर्दीनंही पापुद्रे जवळ राहतात, म्हणून पांढऱ्या खपलीची माती आम्ही पेल्यात घेतली नव्हती. गोड्या पाण्यानं ती गर्दी धुवून जाते, पापुद्र्याला चिकटलेलं सोडियम तिथंच राहतं, आणि खारट रान पक्कं चोपण होतं. आधी जिप्सम, मग पाणी.

तात्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुरटीच टाकू की रानात! तीन भाराची हाय म्हणतोस."

प्रश्न चांगला होता. ॲल्युमिनियम सल्फेटनं चोपण जमीन सुधारते, पण खर्च परवडत नाही. शिवाय पिकाला कॅल्शियम हवं असतं, ॲल्युमिनियम नको असतं. चुनखडी असलेल्या रानात गंधक टाकायचा मार्गही आहे: मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवतं आणि रानातच जिप्सम तयार होतं. कामातून गेलेलं कॅल्शियम असं परत आणता येतं.

एकाच गणातली मूलद्रव्यं सारखी वागतात, हे इलेक्ट्रॉन सापडायच्या कितीतरी आधी माणसांच्या लक्षात आलं होतं. हम्फ्री डेव्हीनं १८०७ मध्ये वीज सोडून आधी पोटॅशियम आणि काही दिवसांत सोडियम वेगळं केलं. पुढच्या वर्षी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. १८२९ मध्ये डोबरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की लिथियम ७, सोडियम २३, पोटॅशियम ३९, यात मधल्याचं वजन दोन्हींच्या सरासरीइतकं येतं. १८६९ मध्ये दिमित्री मेंडेलीव्हनं तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं वजनाच्या आणि गुणांच्या आधारानं मांडली. त्याचं मोठेपण मला रिकाम्या सोडलेल्या जागांत दिसतं. ॲल्युमिनियमच्या खाली एक मूलद्रव्य असलंच पाहिजे म्हणून त्यानं त्याला आपल्या संस्कृतातला 'एक' लावून 'एका-ॲल्युमिनियम' नाव दिलं आणि त्याची घनता ५.९ सांगितली. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, पहिल्या मोजणीत घनता ४.७ आली. मेंडेलीव्हनं कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ आली. खरा क्रम वजनाचा नाही, प्रोटॉनांच्या संख्येचा आहे, हे हेन्री मोझलीनं १९१३ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं. दोन वर्षांत तो पहिल्या महायुद्धात मारला गेला, वय २७.

गण सारखा असला म्हणून सगळं सारखंच होतं, असंही नाही. पोटॅशियम सोडियमच्या बरोबर खाली आहे, भार तोच एक. पण त्याचा आयन मोठा, भोवती पाणी कमी धरतो, आणि पिकाला ते हवंच असतं. आपण पोटॅश टाकतो ते त्यासाठी. सोडियम वाढलं की मुळ्यांना पोटॅशियम उचलणं जड जातं, कारण दोघं दारात एकसारखे दिसतात. चोपण तुकड्यातल्या उसाच्या पानांच्या कडा करपतात, त्यात याचाही वाटा असतो.

तात्यांनी त्या तुकड्याखाली सच्छिद्र पाइप टाकून घेतले, जिप्सम मातीत मिसळलं, हिरवळीचं खत म्हणून ताग गाडला. पाणी सोडल्यावर पाइपच्या तोंडातून ओढ्यात पडणारं पाणी मी वाटीभर आणलं आणि आटवलं. लोखंडी तार गॅसच्या ज्योतीत धरून आधी तिचा पिवळेपणा पार जाईपर्यंत तापवली. मग ती पावसाच्या पाण्यात बुडवून धरली; ज्योत निळीच राहिली. वाटीतल्या पाण्यात बुडवून धरली तशी ज्योत भडक पिवळी झाली. तात्या ओट्याला टेकून बघत होते. म्हणाले, "हे माझ्या रानातलं?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हातातली तार घेतली आणि पुन्हा वाटीत बुडवली.