कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टर नोकरी का सोडतात?

कॅन्सर वॉर्डात रोज मरण बघावं लागतं, म्हणून सिस्टर टिकत नाहीत, असं रुग्णालयांत सर्रास म्हटलं जातं. हे कारण मोठं सोयीचं आहे. मरणावर कुठल्याच मेट्रनकडे इलाज नाही, त्यामुळे पुढे काही करायची गरजच उरत नाही. राजीनाम्यांची मुळं बहुतेक वेळा ड्युटीच्या तक्त्यात, औषधं फार्मसीतून वर येण्याच्या वेळेत आणि पगाराच्या पावतीत सापडतात.

नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की ती मानसिकदृष्ट्या पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, तिच्या नाराजीची १५ टक्क्यांनी आणि रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे होते. केमोच्या डे-केअरमध्ये, म्हणजे पेशंट खुर्चीत बसून औषध घेतात आणि त्याच दिवशी घरी जातात त्या विभागात, तर नुसती डोकी मोजून कामाचा अंदाजही येत नाही.

दोन खुर्च्या घ्या. पहिलीवर डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं केमोचं औषध चाललंय. ते चालू सलाईनच्या नळीतून हाताने, सावकाश द्यायचं असतं आणि दर २ ते ५ मिलीनंतर थांबून सुईत रक्त मागे येतंय ना, हे बघायचं असतं. औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस मरतं, जखम महिनोन्महिने भरत नाही. झिरपल्याची शंका आली की औषध तिथल्या तिथे बंद करायचं, पण सुई काढायची नाही. तिच्यातूनच जमेल तेवढं औषध मागे ओढून घ्यायचं, सलाईन ढकलून नळी धुवायची नाही, मग थंड शेक द्यायचा. विनक्रिस्टीन हे दुसरं औषध असेल तर शेक उलटा, म्हणजे गरम. आता दुसरी खुर्ची. तिथे पॅक्लिटॅक्सेल या आणखी एका केमो-औषधाचा पहिला डोस सुरू होतोय. रिअ‍ॅक्शन यायची तर बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच येते: चेहरा लाल, छाती आवळलेली, बीपी खाली. दोन्ही खुर्च्यांना त्याच दहा मिनिटांत तीच सिस्टर हवी असते. रजिस्टरमध्ये मात्र तिच्याकडे ‘फक्त दोन पेशंट’ असतात.

ही गर्दी होते कशी? सकाळी रक्त घेतलं, रिपोर्ट अकराला आले, डॉक्टरांची ऑर्डर साडेअकराला पडली आणि फार्मसीतून बाटल्या साडेबाराला एकदम आल्या. सगळ्या खुर्च्या एकाच वेळी सुरू. ड्युटी संपायची वेळ झाली तरी निम्म्या भरलेल्याच, आणि चालू केमो सोडून सिस्टर निघू शकत नाही. जेवणाचा डबा उघडायचाही राहून जातो. तपासणी आदल्या दिवशी, ऑर्डर आदल्या संध्याकाळी आणि पहिल्या डोसचे पेशंट अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने, एवढं केलं तरी दिवस बराच सरळ होतो. त्याला नवी भरती लागत नाही. डॉक्टरांना आपली सकाळची सवय मोडावी लागते, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

भरतीचा हिशेबही कच्चा असतो. तीन पाळ्यांना तीन सिस्टर पुरतात असं धरलं जातं. चोवीस तास भरलेल्या एका जागेसाठी वर्षाला १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुट्ट्या ५२, रजा, सण, आजारपण मिळून आणखी ४०-४५ दिवस वजा केले की एक सिस्टर साधारण २७० पाळ्या करते. म्हणजे जागेमागे चार हव्यात. भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) निकषांत रजेसाठी ३० टक्के जादा जागा धरल्या आहेत त्या यासाठीच. चौथी नसली की बाकीच्या तिघींचे ऑफ रद्द होतात.

ही औषधं हाताळताना आपल्यालाच बाधतील, ही भीती फारशी बोलली जात नाही. केमोची औषधं मिसळायला सुरक्षा-कपाट, दुहेरी हातमोजे आणि गाऊन लागतो. केमो झाल्यावर साधारण ४८ तास रुग्णाची लघवी आणि उलटीसुद्धा जपून हाताळायची असते. लहान रुग्णालयांत हेच मिसळणं पंख्याखाली, साध्या टेबलावर चालतं. मूल हवं असलेली सिस्टर अशा ठिकाणी थांबेल कशाला?

मरणाचं दुःख खोटं नाही. दर २१ दिवसांनी येणारा पेशंट सहा सायकल होईपर्यंत घरच्यासारखा होतो. पण दुःखापेक्षा जास्त पोखरते ती कोंडी. नातेवाईक दाराबाहेर बजावतात, “सिस्टर, त्यांना काही सांगू नका हं.” आत पेशंट विचारतो, “ताई, हे औषध नक्की कशाचं?” योग्य काय ते कळतंय, पण करायची मुभा नाही, या अवस्थेला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नैतिक क्लेश म्हटलं. आजाराबद्दल पेशंटशी कोण बोलणार, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ठरवून केसपेपरवर लिहिलं तर तिची निम्मी कोंडी सुटते.

पगाराबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सुचवलं की २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला राज्य सरकारी नर्सएवढा पगार असावा, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २० हजारांखाली नसावा. शिफारस कागदावर आहे. ऑन्कॉलॉजी (कॅन्सर) नर्सिंगचा वर्षभराचा पोस्ट-बेसिक, म्हणजे मूळ नर्सिंग शिक्षणानंतरचा, डिप्लोमा करूनही अनेकींना एक वेतनवाढ मिळत नाही, आणि वर्षभरात बदली होते ती ऑर्थोपेडिकला. ज्या हातांना अवघड शिरा सापडायला लागल्या होत्या, ते तिकडे प्लॅस्टर सांभाळतात.

सोडून जाणारी अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहिते, कारण तिला अनुभवाचा दाखला हवा असतो. म्हणून विचारायचं ते टिकून असलेल्यांना. नर्सिंगच्या संशोधक आयलीन लेक यांनी २००२ साली तयार केलेली, नर्सच्या कामाचं वातावरण मोजणारी ३१ प्रश्नांची मोजपट्टी त्यासाठी जगभर वापरतात. तिचे विषय पाच: मनुष्यबळ आणि साधनं, डॉक्टरांशी संबंध, रुग्णालयाच्या निर्णयांत सहभाग, सेवेच्या दर्जाचा पाया आणि वरिष्ठ नर्सचं नेतृत्व. फॉर्म निनावी हवा आणि तो इन्चार्ज सिस्टरने गोळा करायचा नाही, कारण पाचवा विषय तीच आहे.