पाकीट मिळालं की भेटलं?

पुण्यात कुणी ‘सुट्टे भेटतील का?’ असं विचारलं, तर दुकानदार मुकाट सुट्टे देतो. आठी पडते ती शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर. माणसं भेटतात, वस्तू मिळतात, हे त्याला शाळेत घोटवलेलं असतं. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात आणि मुंबईतही मात्र पगार, पुस्तक, गाडी सगळं सर्रास ‘भेटतं’.

मुळात तो नियमच अर्धवट आहे. प्रमाण मराठीतही माणसं मिळतातच की! कामाला माणूस मिळत नाही, पोरीला चांगला नवरा मिळाला. ‘डॉक्टर भेटले नाहीत’ म्हणजे दवाखान्यात गेलो होतो, पण ते जागेवर नव्हते. ‘डॉक्टर मिळाले नाहीत’ म्हणजे गावभर शोधलं, तरी एकही डॉक्टर हाती लागला नाही. प्रश्न माणूस की वस्तू हा नाहीच. गाठ पडली की लाभ झाला, हा आहे. नद्या तर दोन्ही करतात. कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि तिथे दोघी अगदी समोरासमोर भेटतात.

मग पाकीट ‘भेटायला’ कसं लागलं? खापर हिंदीवर फुटतं, कारण तिथे दोन्हीकडे ‘मिलना’ चालतं. हिंदीचा हात असेलही. पण नुसती नक्कल असती, तर ‘मिळणे’ पसरलं असतं आणि लोक ‘काल बाजारात मामा मिळाले’ म्हणाले असते. पसरलं ते ‘भेटणे’. मला कारण मराठीच्याच ठेवणीत दिसतं. ‘मी त्याला भेटलो’ यात बहुधा ठरवून जाणं असतं. ‘मला तो भेटला’ यात अवचित गाठ पडणं. हे दुसरं वाक्य आणि ‘मला पाकीट मिळालं’ एकाच साच्यातली: आधी ‘मला’, आणि क्रियापद चालतं ते समोर आलेल्याच्या लिंगवचनाप्रमाणे. वाटेत मित्र भेटतो, वाघही भेटतो, मग पाकिटानंच काय घोडं मारलंय?

अर्जात किंवा बातमीत मी ‘मिळणे’च लिहीन. बोलताना समोरच्याला मध्येच तोडून दुरुस्त करणं मात्र निव्वळ आगाऊपणा. खरा घोळ होतो तो स्थळं बघणाऱ्या घरात. ‘मुलगी भेटली का?’ या प्रश्नाचा अर्थ पुणेकर घेतो, दोघांची गाठभेट झाली का. अकोल्याकडचा पाहुणा विचारत असतो, मनासारखं स्थळ मिळालं का.