राऊटर टेबलवर कोणतं शीट टाकावं?

राऊटर म्हणजे लाकडात खाचा पाडणारं यंत्र. राऊटर टेबलमध्ये ते टेबलाखाली उलटं टांगलेलं असतं. त्याचा फिरणारा बिट, म्हणजे कापणारं पातं, भोकातून वर डोकावतो आणि लाकूड आपण हाताने त्यावरून सरकवतो. म्हणजे खाच किती खोल पडणार, हे वरचं शीट ठरवतं. बिटापाशी ते १ मिलिमीटर बसलं की बिटही तेवढाच खाली जातो. लांब फळी मात्र त्या खोलगटावरून पुलासारखी जाते आणि ६ मिलिमीटरची खाच ५ चीच निघते.

अखंड सागवान देखणं, पण हवेतली ओल पिऊन ते रुंदीत फुगतं. प्लायमध्ये पापुद्रे उभे-आडवे चिकटवून हे फुगणं जखडलेलं असतं. ‘मरीन प्लाय घ्या, निर्धास्त राहा’ असं दुकानात सांगतात. तिथे पाण्याला पुरून उरतो तो गोंद. शीट सपाट असेलच असं नाही. एक डोळा मिटून कडेने बघूनच घ्या.

सपाटपणात एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात दाबून केलेलं शीट, सरस. १८ मिलिमीटरचं ८ बाय ४ फुटी शीट सुमारे ४० किलो भरतं आणि हे वजन थरथर कमी करतं. पण प्लायइतका ताठपणा त्यात नाही. राऊटर कायम लटकत राहिला की हळूहळू झोळ पडतो.

झोळावर खरा उपाय जाडीचा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. मात्र दोन शीटं नुसती एकावर एक ठेवली तर तो दुप्पटच, कारण वाकताना ती एकमेकांवर घसरतात. घसरणं थांबवायचं तर फेविकॉल कोपऱ्यांत ठिपके देऊन भागत नाही, सगळ्या पृष्ठभागावर पसरावा लागतो.

माझ्या पहिल्या टेबलला मी सनमायका फक्त वरून लावला होता. पावसाळा सरता सरता त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली, तर मधोमध खालून उजेड दिसला. उघडी खालची बाजू ओल पिऊन फुगली होती, झाकलेली वरची तशीच राहिली होती. शीटने बाक घेतला. आता १८ मिलिमीटरची दोन एमडीएफ शीटं चिकटवलेली आहेत. सनमायका वरून आणि खालूनही आहे, कडांना सागाची पट्टी. राऊटरसाठी पाडलेल्या भोकाच्या आतल्या कडेलाही पॉलिशचे दोन हात दिले आहेत, कारण एमडीएफ कडेनेच सर्वांत जास्त पाणी पितं.