आयोडाइड आतड्यातून रक्तात शिरते कसे? : पार्श्वभूमी

आपल्याकडच्या मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात. पोटात गेल्यावर त्याचे आयोडाइड, म्हणजे आयोडीनचे शरीराला उचलता येणारे रूप होते, आणि ते जवळजवळ सगळे रक्तात उतरते. प्रौढ माणसाला दिवसाला आयोडीन लागते जेमतेम 150 मायक्रोग्रॅम. ही चिमूट आतडे उचलते कशी, याकडे मात्र संशोधकांचे लक्ष फार उशिरा गेले.

त्याचे कारण थायरॉइड, म्हणजे आयोडीन वापरून संप्रेरके बनवणारी गळ्यातली ग्रंथी. 1895-96 मध्ये बाउमान यांना त्या ग्रंथीत आयोडीन सापडले, 1938 मध्ये सशांना किरणोत्सारी आयोडीन टोचून ग्रंथी ते कसे ओढून घेते हे पाहिले गेले, आणि सगळ्यांची नजर गळ्यावरच खिळली. आतडे म्हणजे नुसती वाट, असेच धरून चालले.

1954 मध्ये विल्सन आणि वाइजमन यांनी एक साधी युक्ती काढली. उंदराच्या लहान आतड्याचा तुकडा सदऱ्याच्या बाहीसारखा उलटा करायचा, म्हणजे अन्नाला लागणारे अस्तर बाहेर येते. मग आत थोडे द्रावण भरून दोन्ही टोके दोऱ्याने बांधायची आणि ती पिशवी प्राणवायू सोडलेल्या कोमट द्रावणात ठेवायची. आतल्या द्रावणात पदार्थ बाहेरच्यापेक्षा जास्त साठला, तर आतडे स्वतः काम करते हे उघड होते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. आतडे काय काय ओढून नेते, हे त्यामुळे टेबलावर मोजता येऊ लागले. 1957 मध्ये आयरा पास्टन यांनी उंदराच्या आतड्यातील आयोडाइडचे शोषण आणि स्रवण (पोकळीत पाझरणे) या दोन्हींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला स्रवण हा शब्द मोलाचा आहे. लाळ आणि जठररसातूनही आयोडाइड पचनमार्गात येत असते, आणि लहान आतडे ते पुन्हा आत घेते. थोडक्या आयोडीनवर निभावणाऱ्या शरीराला हा फेरा फार उपयोगी पडत असणार.

पण हे नेणारे प्रथिन कोणते? 1996 मध्ये नॅन्सी कॅरास्को यांच्या गटाने थायरॉइडमधील सोडियम-आयोडाइड वाहकाचे जनुक वेगळे केले. दोन सोडियम आयनांसोबत एक आयोडाइड आत खेचणारे हे प्रथिन. 2009 मध्ये त्याच गटाने ते लहान आतड्याच्या पेशींतही दाखवले, मात्र उलट बाजूला. थायरॉइडच्या पेशीत ते रक्ताकडच्या भिंतीवर असते, आतड्यात अन्नाकडच्या. उंदरांना भरपूर आयोडाइड दिल्यावर आतड्यातले हे प्रथिन कमी झाले, म्हणजे किती आत घ्यायचे यात आतड्याचाही हात आहे.