दुर्मीळ जनुकीय आजारांचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि ‘अनिश्चित’ नावाचा खण

१९०२ साली लंडनच्या एका डॉक्टरांनी लघवी काळी पडणाऱ्या आजाराला आनुवंशिकतेचे नियम लावून दाखवले. पुढची कित्येक दशकं या क्षेत्रातला विद्यार्थी गाइडबरोबर रुग्णांच्या कुटुंबांत जाऊन, वंशावळी काढून आणि मुख्य म्हणजे वाट पाहून शिकला. हंटिंग्टन आजाराची खूण चौथ्या गुणसूत्रावर १९८३ मध्ये सापडली, जनुक हाती लागायला १९९३ उजाडलं. एवढ्या वेळात शंका घेण्याची सवय आपोआप लागायची.

२०१० च्या सुमारास एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांतले प्रथिनं घडवणारे सगळे भाग एकदम वाचण्याचं तंत्र, आलं. तीन कुटुंबांतल्या अवघ्या चार रुग्णांवरून एका आजाराचं जनुक सापडलं, आणि विद्यार्थ्याच्या हाती एकाच माणसाच्या डीएनएतल्या हजारो बदलांची फाइल येऊ लागली. यातला आजाराला कारण ठरणारा बदल कोणता, हे ओळखायला शिकवणं हेच गाइडचं मुख्य काम झालं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी अशा बदलांच्या वर्गीकरणाची नियमावली काढली. ‘म्युटेशन’ शब्द बाजूला ठेवून ‘व्हेरियंट’ म्हणायचं आणि खण पाच: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ‘बहुधा’ म्हणायला ९० टक्क्यांहून जास्त खात्री हवी. म्हणजे रोगकारक असण्याची शक्यता १० टक्के असो वा ९०, मधलं सगळं एकाच खणात. मराठीत घोळ आणखी वाढतो. या मधल्या खणाला ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ म्हटलं की कुणाला तो बिनमहत्त्वाचा वाटतो, कुणाच्या कानावर ‘महत्त्वाचा’ एवढंच पडतं. ‘अर्थ न लागलेला बदल’ हे जास्त खरं.

हा खण आणखी भागांत फोडावा का, यावर वाद आहे. फोडला तर कुटुंब ‘जवळजवळ रोगकारक’ला निदान समजेल आणि गर्भाबद्दलचे निर्णयही त्यावर घेईल, अशी भीती. ती रास्तच आहे. पण शिकणाऱ्यासाठी ११ आणि ८९ टक्क्यांना एकच नाव देणं म्हणजे विचार तिथेच थांबवणं. पुढे ब्रिटनमध्ये या खणात ‘गरम’ (रोगकारकच्या जवळ) ते ‘गार’ अशा पायऱ्या आल्या, तर २०२० मध्ये पुराव्यांना गुण देण्याची पद्धत सुचवली गेली: ० ते ५ अनिश्चित, ६ पासून बहुधा रोगकारक. पाचावर अडकलेला बदल दिसला की विद्यार्थी विचारतो, सहावा गुण कुठून मिळेल? आई-वडिलांचं रक्त तपासून, की तसाच दुसरा रुग्ण शोधून?

मधल्या काळात, २०१६ मध्ये, ६० हजारांहून अधिक लोकांचे एक्झोम एकत्र तपासले गेले. रोगकारक म्हणून नोंदलेले सरासरी ५४ बदल प्रत्येकात निघाले. त्यातले बहुतेक इतके सर्रास आढळणारे, की दुर्मीळ आजाराचं कारण ते असूच शकत नव्हते. छापील नोंदीवर डोळे झाकून विसंबू नको, हे तेव्हापासून आकड्यांसकट सांगता येतं.

मधल्या खणात टाकलेल्या बदलाबद्दल पुरावा अनेकदा काही वर्षांनी येतो. तोवर तो विद्यार्थी दुसरीकडे गेलेला असतो. जुनी फाइल पुन्हा उघडणं अनेक ठिकाणी कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. गाइडने आठवणीने नव्या मुलाच्या हाती दिली, तरच ती उघडते.